मस्कत टाळून सलाला : एका वाटेची हकीकत

गेल्या महिन्याच्या बैठकीत चहाच्या वेळी जो विषय निघाला तो हजर असलेल्यांना आठवत असेलच. जे नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सुट्टीतले भारताच्या तिकिटांचे दर पाहून चार कुटुंबांनी असे ठरवले आहे की यंदा जुलैच्या शेवटी देशी न जाता सलालाला जायचे. पाऊस तिथेही आहे, नारळ तिथेही आहेत. त्यासाठी दोन मोटरहोम, म्हणजे आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या गाड्या, भाड्याने घ्यायच्या आणि रमतगमत जायचे. सर्वांनी एकमुखाने एकच अट घातली : वाटेत मोठे शहर नको. दुबई नको, शारजा नको, अबू धाबी नको आणि मस्कतही नको. फुजैरासारख्या लहानशा गावात राहून शहराचा एवढा कंटाळा कशासाठी, असे कुणी विचारील. पण वाणसामान, पासपोर्ट, दाताचा डॉक्टर, मुलांच्या परीक्षा, सगळ्यासाठी दुबईच्या वाऱ्या करणाऱ्यांचा हा राग मला समजतो. मस्कतच्या मोतीश्वराचे दर्शन राहून जाईल म्हणून एका काकांनी विरोध नोंदवला. तो इतिवृत्तात आहे.

रस्ता आखायचे काम माझ्याकडे आले, कारण त्या वेळी मी गप्प बसले होते.

मी नकाशा पसरला, घरातली आणि मित्रमंडळींकडून आणलेली चार पुस्तके काढली आणि लक्षात आले, की ही वाट आपल्याला नव्याने आखायचीच नाही. ती एका सुलतानाने १९५५ साली आखून ठेवली आहे, आणि त्यानेही आपल्यासारखेच मस्कत टाळले होते. फक्त तो उलट दिशेने आला. त्याची हकीकत पुढे येईलच. आधी वळशाबद्दल दोन शब्द.

मी जहाजांच्या इंधनतेलाचे नमुने तपासते, त्यामुळे वळसा म्हणजे काय ते मला रोज दिसते. आपले फुजैरा हे सात अमिरातींतले असे एकच, की ज्याचा सगळा किनारा ओमानच्या आखातावर आहे. जहाजाला इथे यायला होर्मुझची सामुद्रधुनी ओलांडावी लागत नाही. एवढ्याच कारणासाठी अबू धाबीच्या हबशानपासून इथपर्यंत सुमारे ४०० किलोमीटर लांबीची तेलवाहिनी टाकली गेली. ती २०१२ साली सुरू झाली, आणि रोज १५ लाख पिंपे तेल वाहून नेण्याच्या ताकदीने बांधली गेली. तिचे काम एकच, अरुंद आणि बेभरवशाची जागा टाळणे. आपल्यातल्या निम्म्या घरांची चूल अशी एका वळशावर पेटते. आणि मराठी माणसाला आडवाटेचे अप्रूप सांगायला नकोच. १६६६ साली महाराज आग्र्याहून निसटले, बाळ संभाजीराजांना मथुरेत ठेवले आणि गर्दीच्या वाटा सोडून राजगडाला आले. ते नेमके कोणत्या वाटेने आले यावर इतिहासकार अजून भांडतात. वाट कुणाला सापडू नये हाच तर हेतू होता!

असो. आपली वाट घरापासूनच सुरू होते.

फुजैरातून पश्चिमेकडे निघाले की वादी हाम लागते. वादी म्हणजे एरवी कोरडा आणि पाऊस झाला की अंगावर येणारा ओढा. अल बिथनाचा किल्ला आहे तो याच खिंडीवर पहारा ठेवण्यासाठी. पुढे मसाफी. आज आपण पाऊण तासात जे डोंगर ओलांडतो, तिथे सत्तरच्या दशकात डांबर पडेपर्यंत गाड्या ओढ्याच्या पात्रातूनच दगडगोट्यांवरून चालत, आणि पूर आला की वाट बंद. फुजैराला ब्रिटिशांनी स्वतंत्र संस्थान म्हणून मान्यता दिली तीच १९५२ साली, सर्वांच्या शेवटी. इतकी वर्षे हे गाव डोंगराआड होते. २०११ साली शेख खलिफा महामार्ग झाला आणि दुबई एकदम जवळ आली. तो रस्ता छान आहे, पण आपल्या कामाचा नाही, कारण तो शहराकडे नेतो. आपण मसाफीवरून जुन्या वाटेने धैदला उतरायचे, तिथून दक्षिणेला मदाम आणि मग अल ऐन.

मसाफीचे नाव आपण बाटलीवर वाचतो. या डोंगरांच्या पाण्याबद्दल एक सांगितल्याशिवाय मला पुढे जाववणार नाही. हे काळे-तपकिरी डोंगर म्हणजे मुळात समुद्राच्या तळाखालचा खडक आहे, तो वर ढकलला गेला. त्यात मॅग्नेशियम भरपूर. पावसाचे पाणी या खडकात खोल मुरते आणि फार काळाने काही ठिकाणी झऱ्यावाटे बाहेर येते, तेव्हा ते विलक्षण अल्कधर्मी झालेले असते, पीएच अकराच्याही वर. त्यात विरघळलेला चुना असतो. शाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की ती पांढरी होते हा प्रयोग सर्वांनी केला असेल. इथे ती फुंकर हवाच मारते. झऱ्याच्या डबक्यावर दुधाच्या सायीसारखा पांढरा पापुद्रा धरतो. मुलांना दाखवण्यासारखी गोष्ट आहे, पण ते पाणी प्यायचे नाही. डोंगरातले प्रत्येक स्वच्छ दिसणारे पाणी पिण्याचे नसते, हे पहिल्याच दिवशी मुलांच्या डोक्यात बसवावे.

अल ऐन हे लहान गाव नाही हे मला मान्य आहे. पण त्याच्या बाहेरून जाता येते, आणि त्याला वगळून या वाटेचा इतिहासच सांगता येत नाही. आज अल ऐन आणि ओमानचे बुरैमी अशी दोन गावे, दोन देश. पूर्वी तो एकच खजुरीच्या बागांचा पुंजका होता, आठ-नऊ वाड्यांचा. पाणी होते म्हणून वस्ती, आणि वस्ती होती म्हणून चारी दिशांच्या वाटा तिथे मिळत. ज्याच्या हाती बुरैमी त्याच्या हाती वाटा. म्हणूनच १९५२ च्या ऑगस्टमध्ये सौदींची माणसे येऊन त्यातल्या हमासा गावात बसली. तीन वर्षे वाटाघाटी आणि लवाद चालला, तो मोडला, आणि ऑक्टोबर १९५५ मध्ये ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेने त्यांना तिथून हलवले. भांडणामागे तेल होते हे वेगळे सांगायला नको.

आता तो सुलतान. मस्कतचा सैद बिन तैमूर. आपल्याला तो अगदीच परका नाही. त्याचे शिक्षण अजमेरच्या मेयो कॉलेजात झाले होते. त्याचे वडील तैमूर बिन फैसल यांनी १९३२ साली गादी सोडली आणि ते अखेरीस मुंबईत राहिले. १९६५ साली तिथेच वारले. त्या काळी या किनाऱ्यावर व्यवहार भारतीय रुपयात चालत. ओमानच्या आतल्या मुलखात मात्र ऑस्ट्रियाच्या राणीचे चित्र असलेले चांदीचे थालेर चालत, कारण कागदावर कुणाचा भरवसा नव्हता.

सुलतानाची अडचण अशी, की किनारा त्याचा होता पण डोंगरामागचा मुलूख नावापुरताच त्याचा. १९२० च्या सीबच्या करारापासून निझवा आणि आसपासचा भाग इमामाच्या हुकमाने चाले. तेल कंपनीला डोंगरामागे फहूद इथे खोदायचे होते. १९५४ च्या सुरुवातीला कंपनीची माणसे आणि त्यांच्या सोबतची फौज दक्षिणेला दुक्मच्या किनाऱ्यावर उतरली आणि निझवा-इमाम यांना बगल देऊन वाळवंटातून फहूदला पोचली. हाही वळसाच! १५ डिसेंबर १९५५ रोजी फौज निझवात शिरली, फारसा प्रतिकार झाला नाही. सुलतान तेव्हा सलालात होता. सलालाहून मस्कतला जायचे ते समुद्राने, मग तिथून खिंडीतून वर निझवाला, अशी सगळ्यांची समजूत. त्याने तसे केले नाही. त्याने अमेरिकन ट्रक जोडले, सलालामागचा डोंगर चढला आणि उत्तरेकडे सपाट वाळवंटात सरळ गाड्या घातल्या. दोफारहून ओमानच्या अंतर्भागात मोटारीने झालेला हा पहिला प्रवास म्हणून ओळखला जातो. लंडनच्या टाइम्सचा तरुण बातमीदार जेम्स मॉरिस बरोबर होता. तीच पुढे जॅन मॉरिस म्हणून प्रसिद्ध झालेली लेखिका. तिचे ‘सुलतान इन ओमान’ हे पुस्तक १९५७ साली निघाले.

वाट कशी होती? सलाला, डोंगर, मग शेकडो किलोमीटर गोट्यागोट्यांचे मैदान, फहूद, आदम, निझवा. तिथून बहला, इब्री, बुरैमी. बुरैमीहून वादी जिझ्झीने सोहारच्या किनाऱ्याला आणि अगदी शेवटी मस्कत. स्वतःच्या राज्यात प्रवास करताना राजधानी त्याने शेवटी ठेवली. नकाशावर मी पेन्सिलीने ती रेघ ओढली आणि तिच्यावर आजचे रस्ते ठेवून पाहिले. बुरैमीपासून सलालापर्यंत आपला रस्ता बहुतेक तीच रेघ आहे. त्याने पुढे आणखी कमाल केली. १९५८ नंतर तो सलालातच राहिला आणि पुन्हा कधी मस्कतला गेलाच नाही. बारा वर्षे एका राजाने आपली राजधानी टाळली! त्याचे राज्याला जे व्हायचे ते झाले. २३ जुलै १९७० रोजी मुलगा काबूस याने त्याला पदच्युत केले, तेव्हा सगळ्या देशात डांबरी रस्ता होता तो दहा किलोमीटर. ज्यांना शहरे नकोशी वाटतात त्यांनी (मीही त्यातली) हा आकडा ध्यानात ठेवावा.

फहूदची एक गंमत माझ्या धंद्यातली आहे म्हणून सांगते. एवढा आटापिटा करून तिथे पहिली विहीर खोदली ती कोरडी निघाली. तेल होते, पण काहीशे मीटर बाजूला. ते १९६४ साली सापडले. या वाळवंटातले पहिले रस्ते शहरांना जोडण्यासाठी झाले नाहीत, अशा विहिरींकडे यंत्रे नेण्यासाठी झाले.

सुलतानाच्या आधी याच मुलखातून गावे टाळून गेलेला एक माणूस म्हणजे विल्फ्रेड थेसिजर. १९४६ च्या हिवाळ्यात तो सलालाहून उंटांवर निघाला, रुब अल खालीचे वाळूचे डोंगर ओलांडून लिवाच्या कडेला पोचला आणि १९४७ च्या सुरुवातीला ओमानच्या अंतर्भागातून परत सलालाला आला. परतीच्या या वाटेवर त्याने मुद्दाम एकही गाव घेतले नाही. ख्रिस्ती माणूस इमामाच्या मुलखात सापडला तर धडगत नव्हती. सोबती विचारणाऱ्यांना सांगत, हा सिरियाचा आहे. गावे टाळल्याची किंमत त्याने मोजली. लिवात शिरता येईना, म्हणून सोबत्यांना धान्य आणायला पाठवून तो आणि उरलेले विहिरीपाशी उपाशी पडून राहिले. सोबती आले ते थोडे गहू आणि हलका खजूर घेऊन. पुढे बाजारहाटाला माणसे इब्रीला गेली, हा रानातच थांबला. ‘अरेबियन सँड्स’ (१९५९) हे त्याचे पुस्तक आपल्याकडे बरेच जण वाळवंटाच्या सौंदर्यासाठी वाचतात. मी ते या खेपेस प्रवासाचे नियोजन म्हणून वाचले, आणि त्यात भुकेची पाने किती आहेत हे तेव्हा कळले.

त्यातला एक शब्द मला फार आवडला : रबिया. ज्या टोळीच्या मुलखातून जायचे, तिच्यातला एक माणूस सोबत घ्यायचा. तो बरोबर असला की त्याची टोळी तुम्हाला हात लावत नाही, तो तुमचा जामीन. मुलूख बदलला की रबिया बदलला. आज आपण सीमेवर गाडीचा ओमानपुरता विम्याचा कागद दाखवतो, तो मला रबियाच वाटतो. तो आदल्या आठवड्यात करून घ्यायचा आहे. भाड्याच्या गाडीला सीमा ओलांडायची लेखी परवानगी मालकाकडून घ्यावी लागते, तेही त्यातच. व्हिसाचे नियम बदलतात, म्हणून ते निघण्यापूर्वी पुन्हा पाहूच.

अल ऐनच्या दक्षिणेला मेझ्यादची चौकी ओलांडली की ओमान. उजवीकडे वाळवंट, डावीकडे डोंगर, आणि मधून इब्रीचा रस्ता. इब्रीजवळ बात आणि अल ऐन (हे ओमानमधले दुसरे अल ऐन) इथल्या डोंगरकड्यांवर इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या सहस्रकातल्या दगडी समाध्या आहेत, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या गोल. युनेस्कोने १९८८ साली त्या जागतिक वारशात घेतल्या. त्या काळात इथले तांबे मेसोपोटेमियाला जात असे आणि तिथल्या लेखांत या मुलखाला मगन म्हणत. तेव्हाही माणसे राहिली ती डोंगराच्या पायथ्याला, जिथे पाणी उतरते तिथे.

आणि इथे आपल्याला भेटतात फलज. पाटाचे पाणी म्हटले की आपल्याला जे आठवते तेच, पण हा पाट डोंगराच्या पोटातून, बराचसा जमिनीखालून, केवळ उताराने आणलेला. पंप नाही, मोट नाही. पाण्याची वाटणी वेळेवर : दिवसा काठीच्या सावलीवर, रात्री ताऱ्यांवर. ज्याची पाळी त्याच्या बागेकडे दार उघडायचे. खानदेशात पांझरेच्या काठी फड पद्धत आहे, तिथल्या पाळ्या आणि पाटकरी ज्यांनी पाहिले असतील त्यांना हे सगळे ओळखीचे वाटेल. ओमानमधल्या पाच अफलाजांना २००६ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यातला निझव्याचा फलज दारिस आपण पाहणार आहोत. मुलांनी पाय बुडवावेत, साबण लावू नये. लोक खाली तेच पाणी वापरतात.

निझवा आणि बहला ही मोठी शहरे नव्हेत असे मी परस्पर ठरवले आहे. कुणाचा आक्षेप असल्यास कळवावे.

निझव्याच्या दक्षिणेला आदम. आदमच्या बागा संपल्या की खरा प्रश्न सुरू होतो. आदम ते थुमरेत हे अंतर सुमारे ७०० किलोमीटर. इथे शहर टाळायचा प्रश्नच नाही, शहर नाहीच. डोंगर संपले की फलज संपले, आणि फलज संपले की गावे संपली. मधे जिद्दत अल हरासिस नावाचे विस्तीर्ण पठार आहे. तिथे हरासीस टोळी शतकानुशतके राहिली, आणि कशावर राहिली, तर उंटांच्या आणि शेळ्यांच्या दुधावर. कारण पाणी नव्हते. समुद्रावरून रात्री धुके येते, त्याच्या ओलीवर झुडपे जगतात, झुडपांवर जनावरे, जनावरांवर माणसे. पाणी असे फिरून फिरून त्यांच्या पोटात जाई. १९५८ साली तेल शोधणाऱ्यांनी हैमा नावाच्या ठिकाणी विहीर खोदली. आज नकाशावर या सगळ्या पोकळीच्या मध्यभागी हैमा हे गाव दिसते, दवाखाना, शाळा, पेट्रोल पंप असलेले. त्याचे मूळ ती विहीर. याच पठारावरचा पांढरा अरबी ओरिक्स १९७२ साली शिकाऱ्यांनी रानातून संपवला, १९८२ साली बाहेर पैदास केलेली जनावरे आणून पुन्हा सोडली. १९९४ साली ते अभयारण्य जागतिक वारशात गेले आणि २००७ साली त्यातून वगळले गेले. यादीतून काढलेले ते जगातले पहिले ठिकाण. इथली एखादी गोष्ट जगवणे किती कठीण आहे ते यावरून कळते.

हैमाशी माझे वैयक्तिक नाते आहे. बैठकीत मी ते सांगितले नाही, लिहायला सोपे वाटते म्हणून इथे लिहिते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही आमच्या मोटारीने याच वाटेने गेलो होतो. आम्ही दोघे, दोन मुले आणि देवरुखहून आलेल्या सासूबाई. निझव्याच्या बाजारात चांदीचे खंजीर पाहत बसलो आणि निघायलाच साडेदहा वाजले. आदम सोडल्यावर ज्या पंपावर भरू म्हटले होते तिथे पेट्रोल संपलेले होते. पुढच्या पंपापर्यंत पुरावे म्हणून आम्ही गाडीचे एअरकंडिशनर बंद केले. काचा उघडल्या तर भट्टीची झळ. मुलांना मी दर पंधरा मिनिटांनी पाणी देत होते. सासूबाईंनाही देत होते, त्या बाटली तोंडाला लावत आणि परत देत. दुपारी दोनच्या सुमारास त्यांचे बोलणे अडखळू लागले. हैमा दिसले तेव्हा त्या शुद्धीवर नव्हत्या. सरकारी दवाखान्यात सलाईन लावले, दोन तासांनी डोळे उघडले, रात्री त्या बसून भात जेवल्या. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहून एवढेच विचारले की यांनी सकाळपासून किती पाणी घेतले.

त्यांनी जवळजवळ घेतलेच नव्हते. नंतर त्यांनीच सांगितले. वाटेत आडोसा नाही, झाड नाही, गाव नाही, जायचे कुठे? म्हणून सकाळपासून त्या नुसते ओठ ओले करत होत्या. मी रसायनशास्त्रात डॉक्टरेट घेतलेली बाई, साखर-मीठ-पाण्याचे प्रमाण मला तोंडपाठ. पण मागच्या सीटवरची बाटली भरलेलीच राहते आहे हे माझ्या नजरेला आले नाही. गाव नाही म्हणजे गर्दी नाही, गोंगाट नाही, हे मला कळत होते. गाव नाही म्हणजे बाईमाणसाला आडोसा नाही, हे कळायला हैमा लागले. थेसिजरच्या पुस्तकात ही अडचण येत नाही, त्याच्या काफिल्यात सासूबाई नव्हत्या.

यंदा मोटरहोमला मी हो म्हटले ते पलंगासाठी नाही, त्यातल्या संडासासाठी. ज्यांना तो खर्च उधळपट्टी वाटतो त्यांनी माझ्याशी बोलावे.

हैमानंतर अल गफतैन, कतबित ही विश्रांतिगृहे आणि पंप असलेली ठिकाणे, मग थुमरेत. लोबान देणारी झाडे या बाजूला आहेत. तो लोबान जहाजांनी आपल्या किनाऱ्यालाही शतकानुशतके येत होता. थुमरेत ते सलाला हा शेवटचा सुमारे ८० किलोमीटरचा रस्ता आज चौपदरी आणि गुळगुळीत आहे. दोफारच्या युद्धात, १९६५ ते १९७५ या काळात, हाच रस्ता बंडखोरांनी तोडला होता आणि सलाला जमिनीवरून बाकी देशापासून तुटले होते. मस्कत टाळणाऱ्या सुलतानाला शेवटी सलालातून बाहेर पडायलाही वाट उरली नव्हती.

मग तो क्षण येतो, ज्याच्यासाठी हे सगळे. उत्तरेकडची बाजू भाजलेली, तपकिरी. डोंगरमाथा ओलांडला की एकदम धुके, हिरवे गवत, आणि काचेवर बारीक पाऊस. तोच आपला नैऋत्य मोसमी वारा, कोकणात जातो त्याची एक कड दोफारच्या डोंगरांना घासून जाते. समुद्राचे पाणी त्या दिवसांत तळातून थंड वर येते, त्यावरून येणारी हवा गारठून तिचे धुके होते. जूनच्या तिसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत हा मोसम. त्याला तिथे खरीफ म्हणतात. आपले खरिपाचे पीक ते हेच, शब्द अरबीतूनच आपल्याकडे आला. मोसम हाही शब्द तिकडचाच. खाली उतरल्यावर रस्त्याच्या कडेला शहाळी, केळी आणि पपया विकायला ठेवलेल्या असतात. २०१९ साली सासूबाईंनी गाडीतून उतरून एक शहाळे हातात घेतले, दुकानदाराला मराठीतच भाव विचारला आणि तो ऐकून महाग म्हणाल्या. तेव्हा मला वाटले, आता त्या बऱ्या झाल्या.

तर माझा आराखडा असा. एकूण अंतर सुमारे १३०० किलोमीटर, जायला चार दिवस. पहिल्या दिवशी पहाटे फुजैरा सोडून मसाफी, धैद, मदाम, अल ऐनच्या बाहेरून मेझ्याद आणि मुक्काम इब्री. दुसऱ्या दिवशी बहला, निझवा आणि संध्याकाळपर्यंत आदम. निझव्याच्या बाजाराला एक तास, त्याहून अधिक नाही. तिसऱ्या दिवशी उजाडताच आदम सोडायचे आणि ऊन चढायच्या आत हैमा गाठून दुपार-रात्र तिथेच काढायची. अंधारात गाडी चालवायची नाही, उंट रस्त्यावर बसतात आणि ते दिसत नाहीत. शिवाय या गाड्या उंच, मोकळ्या पठारावर आडवा वारा त्यांना ढकलतो. वेग ऐंशी-नव्वदच्या वर न्यायचा नाही, मागून कितीही हॉर्न वाजले तरी. चौथ्या दिवशी हैमा ते सलाला. टाकी निम्मी झाली की जो पंप दिसेल तिथे भरायची, पुढच्यावर विसंबायचे नाही.

माणसे सोळा. पिण्याचे पाणी माणशी रोज सहा लिटर, दोन दिवसांचे जवळ हवे. म्हणजे वीस लिटरचे दहा डबे. ते सावलीत, गाडीच्या आत ठेवायचे. दर तासाला प्रत्येकाने किती प्यायले हे एका वहीत लिहायचे, आणि वही मुलांकडे द्यायची, कारण मुले कुणाची भीड ठेवत नाहीत. सासूबाई यंदाही येणार आहेत. वहीत पहिले नाव त्यांचे घालायला त्यांनीच सांगितले आहे.

ज्यांच्याकडे रिकामे डबे आहेत त्यांनी पुढच्या बैठकीला घेऊन यावेत. मोतीश्वराच्या दर्शनाचा काकांचा मुद्दा परतीच्या वाटेसाठी राखून ठेवला आहे. सुलतानही शेवटी मस्कतलाच गेला होता.